गारव्याची किंमत कोण मोजतो?

एप्रिलच्या दुपारी शिवाजी पेठेतील एखाद्या बोळातून चालत गेले, तर एक दृश्य आता नित्याचे झाले आहे. जुना वाडा पाडून त्या जागी उभ्या राहिलेल्या चारमजली इमारतीला शिडी लावलेली असते. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर एक तरुण एका हाताने गज धरून दुसऱ्या हाताने भिंतीला भोक पाडीत असतो. खाली त्याचा जोडीदार दोरीला बांधलेली एक जड पांढरी पेटी सांभाळीत उभा असतो. घरातील मंडळी कौतुकाने वर-खाली पाहत असतात. पहिल्या पगारातून किंवा सोसायटीच्या कर्जातून घरी आलेली ती वस्तू असते. आणि समोरच्या पत्र्याच्या खोलीत एक बाई दार सताड उघडे टाकून शिलाई मशीनवर वाकलेली असते. दोन तासांनी ती पेटी सुरू होते. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली गार होते आणि पेटीतून निघालेला गरम झोत बोळात उतरतो.

या एका दृश्यात एका मोठ्या सामाजिक प्रश्नाची सारी पात्रे उपस्थित आहेत: विकत घेणारे, न घेऊ शकणारे, शिडीवर चढणारे, आणि चित्रात कोठेही नसलेले शासन व नगरपालिका. घरात वातानुकूल यंत्र बसवायला किती खर्च येतो, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराला विचारायचा. परंतु तो खर्च नेमका किती आणि त्यातला कोणता वाटा कोणाच्या माथी बसतो, याचा नीट हिशेब मांडला की हा प्रश्न दुकानातून उठून थेट राजकारणात येतो.

यंत्राचा स्वभाव

ज्याला बाजारात ‘स्प्लिट एसी’ म्हणतात, ते यंत्र थंडी निर्माण करीत नाही. थंडी नावाची वस्तू निर्माण करताच येत नाही. ते यंत्र उष्णता उचलून दुसरीकडे टाकते. पंचगंगेच्या काठावरील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. नदीचे पाणी आपोआप उसाच्या सरीत चढत नाही. त्याला वीज जाळून पंपाने वर ढकलावे लागते. त्याचप्रमाणे उष्णता आपोआप गार जागेकडून गरम जागेकडे जात नाही; तिलाही पंप लागतो. खोलीतील भिंतीवरचा भाग आणि बाहेरची पेटी यांच्यामध्ये तांब्याच्या दोन नळ्यांतून एक वायू फिरत राहतो, आत उष्णता शोषतो आणि बाहेर ती ओकतो. थंड देशांत हेच यंत्र उलटे चालवून बाहेरच्या गारठ्यातूनही उष्णता घरात आणतात. तेथे त्याला ‘उष्णतेचा पंप’ हे त्याचे खरे नावच रूढ आहे.

या यंत्राचा जन्मही बोधप्रद आहे. 1902 साली अमेरिकेत ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेने कागद आखडत-फुगत असे आणि रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील आर्द्रता काबूत ठेवणारी यंत्रणा उभारली. म्हणजे आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ माणसाला घाम येतो म्हणून झाला नाही. कागद खराब होतो म्हणून झाला. मालाच्या सुखसोयीची काळजी माणसाच्या सुखसोयीआधी वाहिली जाते, हा अनुभव कामगार चळवळीला नवा नाही.

पावतीवर न येणारा खर्च

आता हिशेबाकडे वळावे. दीड टनाचे बऱ्यापैकी यंत्र सध्या साधारण पस्तीस ते पंचेचाळीस हजार रुपयांच्या घरात मिळते. ‘टन’ हे त्याचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता उपसण्याची ती क्षमता होय. 22 सप्टेंबर 2025 पासून केंद्राने या वस्तूवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला आणि मध्यमवर्गाला दिलासा दिल्याचा मोठा गाजावाजा झाला. करासह चाळीस हजारांना मिळणारे यंत्र या कपातीनंतर 36,875 रुपयांना मिळावे, म्हणजे बचत 3,125 रुपयांची. हा दिलासा किती टिकतो, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

यंत्र घरी येते तेव्हा खरा खर्च सुरू होतो. बाहेरच्या पेटीला लोखंडी स्टँड लागतो. यंत्राबरोबर येणारी तांब्याची नळी साधारण तीन मीटरची असते. पेठेतील घरांची रचना अशी, की खोली एका बाजूला आणि पेटी टांगायला जागा दुसऱ्या बाजूला. मग वाढीव नळीचे पैसे मीटरमागे मोजावे लागतात, आणि तांब्याचा भाव सर्वांना ठाऊक आहे. बसविण्याची मजुरी वेगळी, विजेचा दाब वर-खाली होतो म्हणून स्टॅबिलायझर वेगळा. यांहून मोठा प्रश्न वायरिंगचा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी दोन दिवे आणि एक पंखा यांच्यासाठी टाकलेली बारीक तार दीड किलोवॅटचा भार तासन्‌तास पेलू शकत नाही. मीटरपासून खोलीपर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र तार, स्वतंत्र एम.सी.बी. आणि मुख्य म्हणजे खात्रीचे अर्थिंग लागते. पुष्कळ घरांत हा खर्च वाचविला जातो आणि तेथेच आगीला निमंत्रण मिळते. मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. वापर वाढला की महावितरणकडील सुरक्षा ठेवही वाढते. कराच्या कपातीतून वाचलेले तीन हजार रुपये स्टँड, नळी आणि तार यांत विरघळून जातात आणि वर आणखी काही हजार रुपये पदरचे घालावे लागतात.

त्यानंतर येते बिल. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिले 100 युनिट, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्याचा दर सुमारे दुप्पट. एक उदाहरण घ्यावे. पंखे, दिवे, दूरदर्शन संच आणि फ्रिज मिळून महिन्याला नव्वद युनिट जाळणारे एक घर आहे. त्या घराने रात्रीचे आठ तास यंत्र चालविले आणि तासाला सरासरी 0.9 युनिट धरले, तर महिन्याला 216 युनिटांची भर पडते. नव्वदचे 306 होतात. यंत्राचे जवळजवळ सर्व युनिट वरच्या, महागड्या टप्प्यांत जाऊन पडतात. वहन आकार धरून हा दर अलीकडच्या वर्षांत दहा ते बारा रुपयांच्या दरम्यान राहिला आहे. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे एका महिन्याला अडीच हजारांहून अधिक आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत आठ हजारांच्या आसपास. चार उन्हाळ्यांत यंत्राच्या किमतीइतके नाही तरी तिच्या जवळपास जाणारे पैसे केवळ विजेपायी खर्ची पडतात.

हा बोजा हलका करण्याचे काही उपाय घरमालकाच्या हातात आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. लहान, सावलीतल्या खोलीला एक टन पुरत असताना दीड टनाचे यंत्र गळ्यात मारू देऊ नये. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या लेबलावरील तारे पाहावेत. पण त्यावरील वार्षिक वापराचा आकडा वर्षाला 1,600 तास धरून काढलेला असतो हेही ध्यानात ठेवावे. तापमान 18 वर ठेवण्याऐवजी 24 ते 26 वर ठेवून पंखा लावावा. एक अंश वाढविला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरोच सांगतो. 1 जानेवारी 2020 पासून नवी यंत्रे मुळातच 24 अंशांवर सुरू होतील अशी सक्ती आहे, ती याच कारणाने. परंतु हे सारे शहाणपण ज्याने यंत्र घेतले त्याच्यासाठी झाले. ज्याने घेतले नाही, तोही या खर्चात भागीदार असतो. त्याला मात्र कोणी पावती देत नाही.

बोळातली उष्णता

दीड टनाचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालते तेव्हा ते खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसते. त्यासाठी सुमारे दीड किलोवॅट वीज जाळते. ती वीजही अखेर उष्णताच होऊन बाहेर पडते. म्हणजे बोळात सहा-सात किलोवॅटचा झोत पडतो: पाणी तापविण्याचे तीन मोठे गीझर उघड्यावर पेटवून ठेवावेत तसा. मोकळ्या माळावर हा झोत वाऱ्यावर विरून जातो. पेठेतील बोळ मात्र दोन माणसे एकमेकांना अंग चोरून वाट देतील एवढेच रुंद. तेथे समोरासमोर सहा-सात पेट्या चालू झाल्या, की ज्याच्या घरी यंत्र नाही त्याची रात्र अधिक गरम होते. ती असह्य झाली की तोही हप्त्यावर यंत्र आणतो आणि त्याच्या पेटीचा झोत पुढच्या घरावर पडतो. प्रत्येकाचा खाजगी गारवा शेजाऱ्याच्या उष्णतेवर उभा राहतो. भांडवलशाही अर्थव्यवस्थेत नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक असतो, हे सूत्र शिकविण्यासाठी याहून सोपा धडा सापडणार नाही.

झोत न वाढविता निभावणारे साधन म्हणजे पंखा. पण पत्रा तापून खोलीतील हवाच गरम झाली, की पंखा तीच गरम हवा अंगावर फेकतो. त्या खोलीत केवळ झोपणारी माणसे नसतात. शिलाई करणाऱ्या, चपलांचे वेणीकाम करणाऱ्या, खानावळीसाठी भाकऱ्या थापणाऱ्या बायांचे घर हाच त्यांचा कारखाना असतो. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत सुमारे 1,400 अंशांच्या वितळलेल्या लोखंडासमोर पाळी करून आलेला कामगार याच खोलीत अंग टाकतो. 1948 च्या कारखाना कायद्याने कामाच्या जागी वायुवीजन आणि सुसह्य तापमान राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. तिची अंमलबजावणी किती झाली हा भाग निराळा. पण निदान जबाबदार कोण, हे कायद्याने सांगितले होते. घरातील उष्णतेला मात्र कोणी जबाबदारच नाही. दिवसा कायद्याने ज्याच्या उष्णतेची दखल घेतली, तोच कामगार रात्री घरी आला की केवळ ग्राहक ठरतो: परवडत असेल तर घ्या, नसेल तर घाम पुसा.

बुजलेली तळी

येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. कोल्हापूर म्हणजे काही चंद्रपूर नव्हे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, पश्चिमेला सह्याद्री, संध्याकाळी सुटणारा वारा, मे महिन्यात येणारा वळीव. असे हे गाव. एप्रिलात पारा 37-38 अंशांवर जातो, कधी चाळिशी गाठतो. परंतु पूर्वी रात्र गार होत असे. मग या गावाला उष्णतेच्या पंपाची गरज का भासावी? सारे जग तापते आहे हे त्याचे एक उत्तर. पण ते एकमेव उत्तर मानले, तर गावातल्या गावात जे घडविले गेले त्याची जबाबदारी कोणीच घेणार नाही.

कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. शिवाजी पेठेतील गांधी मैदान हे पूर्वीचे वरुणतीर्थ. पावसाळ्यात तेथे पाणी साचते तेव्हा ते मैदान आपली जुनी ओळख स्वतःच सांगते. कपिलतीर्थावर मंडई आली, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले. मैदान, मंडई, क्रीडांगण यांचीही गावाला गरज होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एकेक तळे बुजविताना त्यासोबत आसपासच्या वस्तीचा गारवाही बुजविला जातो आहे, ही नोंद कोणत्याही ठरावात झाली नाही. उरलेल्या रंकाळ्याच्या काठी आजही संध्याकाळी सारे शहर वाऱ्याला येते. त्याला तिकीट नाही, हप्ता नाही. त्या रंकाळ्यात सांडपाणी मिसळते आणि केंदाळ माजते तेव्हा केवळ एका सुंदर स्थळाची हानी होत नाही. ज्यांना गारवा विकत घेता येत नाही, त्यांच्या हक्काचा गारवा हिरावला जातो.

घरांचीही तीच कथा. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कौलारू छप्पर आणि मधला चौक असलेला वाडा दिवसाची उष्णता आत शिरू देत नसे. त्याच्या जागी आलेल्या इमारतीचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत ओततो. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत वारा आत येतो कोठून आणि जातो कोठे, हे नकाशा मंजूर करताना कोणी विचारीत नाही. बांधणाऱ्याने भिंती पातळ करून आणि जागा कोंबून जे वाचविले, ते रहिवासी पुढील तीस वर्षे विजेच्या बिलातून भरीत राहतो.

अर्थात वाड्याचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्याचा गारवा सर्वांच्या वाट्याला सारखा कधीच येत नव्हता. चौकातला वारा मालकाचा आणि मागची कोंदट खोली भाडेकरूची, हीच तेथील रीत होती. पाणवठ्यांवरही जातीचा पहारा होता. राजर्षी शाहू महाराजांना 1919 मध्ये हुकूम काढून सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावे लागले, ते त्यासाठीच. म्हणून मागे जाण्याची हाक देणे हा या प्रश्नावरचा उपाय नव्हे. त्या हुकमामागील तत्त्व मात्र आजही तितकेच ताजे आहे: जे जगण्याला आवश्यक, ते सर्वांना खुले असले पाहिजे. पाणी जसे जगण्याला आवश्यक, तशी सुसह्य हवाही आवश्यक ठरण्याचा काळ आता आला आहे.

शिडीवरचा माणूस

या साऱ्या हिशेबात ज्याचे नाव कोठेच येत नाही, तो म्हणजे यंत्र बसविणारा कामगार. फेब्रुवारीअखेर ते जूनपर्यंत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. पावसाळा सुरू झाला की हाताला काम नसते. त्याची मजुरी नगावर ठरते. तिसऱ्या मजल्यावर तो कमरेला पट्टा न बांधता लोंबकळतो, कारण पट्टा बांधण्यात जाणारा वेळ त्याच्या पुढच्या नगातून वजा होतो आणि पट्टा विकत घ्यायचा तोही त्यानेच. पडला तर मालक कोण? कंपनी सांगते, तो विक्रेत्याचा; विक्रेता सांगतो, तो ठेकेदाराचा; ठेकेदार सांगतो, तो स्वतंत्र व्यावसायिक. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावयाची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नव्या घरी, नव्या भिंतीवर काम करणाऱ्याला हा दाखला द्यायचा कोणी?

त्याच्या हातातील वायूचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. जुन्या यंत्रांतील आर-22 हा वायू ओझोनचा थर विरविणारा होता. आज सर्वत्र वापरला जाणारा आर-32 ओझोनला इजा करीत नाही. परंतु एक किलो वायू हवेत सुटला, तर पृथ्वी तापविण्याच्या कामी तो सुमारे पावणेसातशे किलो कर्बवायूची बरोबरी करतो. शिवाय तो काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे. 2016 च्या किगाली कराराला भारताने 2021 मध्ये संमती दिली. त्यानुसार अशा वायूंचा वापर 2028 पासून गोठवून 2047 पर्यंत 85 टक्क्यांनी खाली आणावयाचा आहे. या आंतरराष्ट्रीय कराराची खरी अंमलबजावणी संसदेत होणार नाही. ती शिडीवरच्या त्या तरुणाच्या हातून होणार आहे. नळीचा सांधा तो किती चोख करतो आणि दुरुस्तीच्या वेळी वायू हवेत सोडतो की टाकीत भरून घेतो, यावर ती अवलंबून आहे. ज्याच्यावर एवढी जबाबदारी, त्याला ना पुरेसे प्रशिक्षण, ना विमा, ना निश्चित वेतन.

चैन की गरज?

चळवळीतील काही जुन्या मंडळींना हा सारा विषयच उपरा वाटेल. ज्यांच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही त्यांचे प्रश्न सोडून वातानुकूल यंत्राची चर्चा कशाला, ही तर मध्यमवर्गाची चैन, तिच्यावर उलट अधिक कर लावा, असे ते म्हणतील. साधेपणाची त्यांची निष्ठा आदरणीय आहे. परंतु यात एक गफलत होते. एके काळी विजेचा दिवाही चैन होता, नळाचे पाणीही चैन होते. एखादी वस्तू मूठभरांकडे आहे म्हणून तिची गरज मूठभरांनाच आहे, असे सिद्ध होत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानात शासकीय सोहळ्यासाठी उन्हात बसलेल्यांपैकी 14 जणांचा बळी गेला. उष्णता जीव घेते आणि ज्याच्या डोक्यावर छप्पर व हातात पर्याय नाही त्याचाच जीव आधी घेते. म्हातारी माणसे, बाळंतिणी, हृदयरोगी, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कामगार यांच्यासाठी गारवा ही चैन नव्हे.

दुसऱ्या बाजूचे उत्तर याहून फसवे आहे. ते म्हणते: करात सवलत द्या, हप्ते सोपे करा, प्रत्येकाला यंत्र घेता येईल. परदेशातील अनुभव या ठिकाणी उपयोगी पडेल. घर तापविण्यासाठी हाच पंप बसविणाऱ्यास ब्रिटनमध्ये 2023 पासून 7,500 पौंडांपर्यंत अनुदान मिळू लागले. अमेरिकेने 2022 च्या कायद्याने खर्चाच्या 30 टक्के, कमाल 2,000 डॉलर एवढी करसवलत दिली आणि पुढे आलेल्या सरकारने ती 2025 अखेर बंद केली. घरातील तापमान हा शासनाचा विषय आहे, एवढे तेथे मान्य झाले ही जमेची बाजू. परंतु अनुदान प्रामुख्याने पोहोचते ते ज्याचे स्वतःचे घर आहे आणि ज्याच्याजवळ उरलेली रक्कम आहे त्याच्याकडे. आपल्याकडील छपरावरच्या सौरविजेच्या योजनेचेही तसेच. 2024 च्या या योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. पण पेठेतील भाडेकरूने ते कोणाच्या छपरावर बसवावे?

केंद्र शासनाने मार्च 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शीतकरण कृती आराखड्यात देशातील सुमारे आठ टक्के कुटुंबांकडे वातानुकूल यंत्र असल्याचे आणि 2037-38 पर्यंत हे प्रमाण चाळीस टक्क्यांवर जाईल असे म्हटले होते. हे भाकीत खरे ठरले असे मानले, तरी दहातील सहा घरे उरतात. ती घरे चाळीस टक्क्यांच्या पेट्यांनी तापविलेल्या बोळांत राहणार. म्हणून प्रश्न यंत्र चांगले की वाईट हा नाही. गारवा ही केवळ विकत घ्यायची वस्तू राहणार, की पाण्यासारखी, रस्त्यासारखी सार्वजनिक सोय होणार, हा आहे.

मागणी कशाची करावी?

पहिली मागणी छपरांची. स्लॅबला आणि पत्र्याला पांढरा परावर्तक लेप दिला, तर आतली खोली काही अंशांनी गार राहते. हा उपाय यंत्राच्या मानाने अत्यंत स्वस्त आहे आणि त्याने शेजाऱ्याचे घर तापत नाही. अहमदाबाद महापालिकेने 2013 मध्ये उष्णतेविषयीचा कृती आराखडा आखला. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर केले. कोल्हापूर महापालिकेने पत्र्याच्या प्रत्येक घरावर स्वखर्चाने लेप द्यावा, अशी मागणी प्रत्येक प्रभागातून उठली पाहिजे.

दुसरी मागणी बांधकामाची. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ 2018 मध्येच आली आहे. नकाशा मंजूर करताना आरपार वारा, छपराचे उष्णतारोधन आणि बाहेरच्या पेट्यांसाठी बोळापासून दूर जागा या अटी घातल्या गेल्या पाहिजेत. नफा बांधणाऱ्याने घ्यावा आणि उष्णता रहिवाशाने भोगावी, ही वाटणी मोडली पाहिजे.

तिसरी मागणी सार्वजनिक गारव्याची. वातानुकूलनावर पहिला हक्क सरकारी रुग्णालयातील प्रसूतिकक्षाचा आणि जनरल वॉर्डाचा, मग अंगणवाडीचा आणि शाळेचा. एप्रिल-मेच्या दुपारी पालिकेच्या शाळांतील एकेक सभागृह गार ठेवून वृद्धांना आणि घरकाम करणाऱ्यांना खुले करता येईल. वीस कुटुंबांनी वीस यंत्रे घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्तही आहे. रंकाळा स्वच्छ राखणे आणि उरलेल्या तळ्यांना हात न लावणे, हाही याच मागणीचा भाग.

चौथी मागणी विजेची. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत पहिला स्वस्त टप्पा 100 ऐवजी 150 युनिटांचा करावा, म्हणजे पंखा आणि कूलर यांवर भागविणाऱ्या घराला महागड्या टप्प्याची झळ लागणार नाही.

पाचवी मागणी शिडीवरच्या माणसाची. यंत्र विकणाऱ्या कंपनीलाच तो बसविणाऱ्याची जबाबदार मालक मानावे. पट्टा, विमा आणि प्रशिक्षण यांचा खर्च तिने करावा आणि प्रत्येक बसविलेल्या यंत्राची पावती हाच मंडळाकडे नोंदणीसाठी कामाचा दाखला धरावा.

यांपैकी एकही मागणी आकाशातील नाही. रस्त्यावर टोल बसला तेव्हा याच शहराने रस्ता ही सार्वजनिक वस्तू आहे असे ठणकावून सांगितले, वर्षानुवर्षे लढा दिला आणि 2015 अखेर शासनाला टोल मागे घ्यायला लावला. त्या लढ्यात पेठेतील तालमी होत्या, तरुण मंडळे होती, बाया-बापड्या होत्या. हवेवरचा टोल मात्र कोणत्याही नाक्यावर उभा राहून वसूल होत नाही. तो दुकानात, बिलात आणि बोळात न दिसता भरला जातो, म्हणून त्याविरुद्ध संताप उठत नाही. तो दिसेल असा करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. येत्या उन्हाळ्यात शिवाजी पेठेतील एका बोळापासून त्याचा आरंभ करता येईल. घरोघरी जाऊन छप्पर कशाचे, खिडक्या किती, बिल किती आणि बाहेरची पेटी कोणाच्या दारासमोर येते, एवढी चार प्रश्नांची नोंद करावी. शिलाई मशीनवर वाकलेल्या त्या बाईचे उत्तर त्या वहीत सर्वांत आधी लिहिले गेले पाहिजे.